यादी कोणाची? डिव्हाइस ओळखणाऱ्या ओपन सोर्स लायब्रऱ्यांची पार्श्वभूमी

यूजर एजंट स्ट्रिंगवर, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून सर्व्हरला पाठवतो त्या ओळीवर, विश्वास ठेवू नये, सगळेच ब्राउझर स्वतःला मोझिला म्हणवतात, हे सगळं वाचणाऱ्यांना माहीत असणार, त्यामुळे नव्वदच्या दशकातली ती ब्राउझरांची मारामारी सोडून देतो. एक मात्र आधीच वेगळं काढायला हवं, ब्राउझर ओळखणं आणि डिव्हाइस ओळखणं हे दोन निराळे उद्योग आहेत. ब्राउझर मोजून दहा-बारा असतात, त्यांच्यासाठी थोडे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने ओळखणारी सूत्रं) पुरतात. डिव्हाइस हजारोंनी असतात आणि दर आठवड्याला नवीन येतात, तिथे कोड दुय्यम, खरी मेहनत कोणतं डिव्हाइस काय करू शकतं या यादीची. डिव्हाइस ओळखणाऱ्या लायब्रऱ्यांचे (तयार कोडच्या संचांचे) सगळे वाद शेवटी त्या यादीपाशी येऊन थांबतात.

वॅपच्या, म्हणजे साध्या फोनवरच्या सुरुवातीच्या इंटरनेटच्या, काळात ही यादी म्हणजे चैन नव्हती. स्क्रीन किती पिक्सेल रुंद, टेबल दिसतं का, कुकी घेतो का, पेज किती केबीच्या पुढे गेलं की फोन मान टाकतो, या सगळ्याची उत्तरं एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत वेगळी यायची. फोननेच आपली माहिती सांगावी अशी अधिकृत सोय होती म्हणा, तिचं नाव यूएप्रोफ, फोन हेडरमधून एका फाइलचा पत्ता द्यायचा आणि सर्व्हरने ती फाइल आणून वाचायची. कागदावर एकदम छान. प्रत्यक्षात कधी तो पत्ता उघडायचाच नाही, कधी फाइल अर्धवट, कधी माहितीच चुकीची, आणि काही फोन तो हेडर पाठवायचेच नाहीत.

यावरचा उपाय म्हणून २००१ च्या सुमाराला दोन डेव्हलपरांनी वर्फल सुरू केलं. एकच भलीमोठी एक्सएमएल फाइल, त्यात प्रत्येक फोनची नोंद. हुशारी होती ती फॉलबॅकमध्ये: प्रत्येक नोंद दुसऱ्या एखाद्या नोंदीवर टेकलेली, फक्त जो फरक आहे तेवढाच लिहायचा, आणि सगळ्यांच्या तळाशी 'जेनेरिक' नावाचा एक काल्पनिक गरीब फोन, ज्याला जवळपास काहीच जमत नाही. नवीन मॉडेल आलं की जुन्याला टेकवून चार ओळी लिहिल्या की झालं. शिवाय मूळ फाइलला हात न लावता आपल्या दुरुस्त्यांची पॅच फाइल वर चढवता यायची. जगभरातली मोबाइल कंटेंटच्या धंद्यातली माणसं हातात असलेल्या फोनवर टेस्ट करून दुरुस्त्या पाठवत राहिली, फुकट, आणि दहाएक वर्षांत ती फाइल या क्षेत्राची सामाईक मालमत्ता असल्यासारखी झाली. 'असल्यासारखी' असं मुद्दाम लिहितोय.

कारण २०११. मूळ दोघांपैकी एकजण तोवर बाहेर पडला होता, दुसऱ्याने कंपनी काढली आणि वर्फल त्या कंपनीकडे गेलं. कोड एजीपीएल या कडक अटींच्या ओपन सोर्स लायसन्सखाली आला, नाहीतर पैसे देऊन कमर्शियल लायसन्स. इथपर्यंत आज कुणाला विशेष वाटणार नाही, दुहेरी लायसन्स सर्रास असतं. भानगड डेटाच्या फाइलची होती. तिच्या पुढच्या आवृत्त्यांना ओपन सोर्स लायसन्स राहिलंच नाही, कंपनीच्याच एपीआयसोबत (फाइल वाचणाऱ्या कोडसोबत) वापरा, कॉपी करून दुसरीकडे नेऊ नका, बदलू नका, असा मामला झाला. म्हणजे लायब्ररी ओपन सोर्स, पण ती ज्याच्या जिवावर चालते ती यादी बंद. मग त्या लायब्ररीला ओपन सोर्स म्हणायचं का? नियमाने बघितलं तर हो, कोड उघडा आहे. वापरणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर फोर्क करून, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढून, हाती काय लागणार, रिकामा सांगाडा.

कंपनीच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. रोज नवे फोन तपासून नोंदी करणं हे कंटाळवाणं काम आहे, कुणीतरी पगारावर बसल्याशिवाय ते होत नाही, आणि मोठमोठ्या साइट ती फाइल वर्षानुवर्षं फुकट वापरून एक दुरुस्तीही पाठवत नव्हत्या असा राग असेल तर तो समजण्यासारखा आहे. पण माझ्या मते ज्यांनी पाठवल्या त्यांचं काय हा प्रश्न यातून सुटत नाही. कोडचं योगदान दिलं तर त्यावर तुमचं नाव राहतं, कॉपीराइट राहतो. 'या मॉडेलची स्क्रीन १२८ रुंद' या वाक्यावर कसला कॉपीराइट? सुट्या वस्तुस्थितीवर मालकी नसते, संकलनावर असू शकते, युरोपात तर डेटाबेसला १९९६ पासून वेगळं कायदेशीर संरक्षण आहे, त्यामुळे नोंद करणाऱ्याच्या हातात काही नाही आणि गोळा करणाऱ्याच्या हातात सगळं, अशी ती रचना आहे.

लगेच फोर्क निघाला, ओपनडीडीआर नावाचा, वर्फलच्या जुन्या आवृत्तीतला डेटा घेऊन. त्यांचं म्हणणं जुन्या लायसन्सखाली हे चालतं, कंपनीचं म्हणणं चालत नाही, आणि २०१२ च्या सुरुवातीला डीएमसीए या अमेरिकन कॉपीराइट कायद्याखाली डेटा काढून टाकायला सांगणारी टेकडाउन नोटीस गेली. याच वेळी एका मोठ्या ओपन सोर्स फाउंडेशनच्या छत्राखाली डिव्हाइसमॅप हा प्रकल्प सुरू झाला, हेतू हाच की यादी खरोखर सगळ्यांची राहावी. पाचेक वर्षांत तो गुंडाळला गेला. लायसन्स निर्मळ होतं, पण नवीन फोनच्या नोंदी रोज कोण भरणार?

दरम्यान बाकीच्यांना यादीची गरजच कमी झाली होती. आयफोन आला, २०१० पासून रिस्पॉन्सिव्ह डिझाइनचा (स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे पेज आपोआप जुळवून घेण्याचा) बोलबाला झाला, आणि मोबाइल आहे का, टॅब्लेट आहे का एवढंच सांगणाऱ्या हलक्या लायब्रऱ्या पुरेशा ठरल्या: पीएचपीत मोबाइल डिटेक्ट, जावास्क्रिप्टमध्ये यूएपार्सर, आणि नावाने जवळचा पण वेगळा प्रकल्प असलेल्या यूए-पार्सरची ती रेग्युलर एक्स्प्रेशनांची यामल फॉरमॅटमधली फाइल, जी कितीतरी भाषांतल्या लायब्रऱ्या वाटून वापरतात. आपल्याकडे मात्र प्रकरण इतकं सरळ नव्हतं, ऑपेरा मिनी हा ब्राउझर पेज आधी स्वतःच्या सर्व्हरवर रंगवून मग फोनला पाठवायचा, खरा फोन कोणता हे वेगळ्या हेडरमध्ये शोधावं लागायचं. २०१७ मध्ये जिओफोन आला तोही कायओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर, स्ट्रिंगमध्ये फायरफॉक्स लिहिलेलं, हातात बटणांचा फोन.

रेग्युलर एक्स्प्रेशनांनी आपलं दुखणं आणलं. मुद्दाम रचलेली लांबलचक स्ट्रिंग पाठवली की काही पॅटर्न सर्व्हर अडकवून ठेवतात, रीडॉस म्हणतात तो प्रकार, आणि यातल्या एकाहून अधिक लायब्रऱ्यांवर तशा सुरक्षा त्रुटींच्या नोंदी झाल्या. २०२१ च्या ऑक्टोबरात तर यूएपार्सर सांभाळणाऱ्या मेंटेनरचं एनपीएमवरचं (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरचं) खातंच कुणीतरी हायजॅक केलं, आवृत्त्या ०.७.२९, ०.८.० आणि १.०.० मध्ये क्रिप्टो मायनर आणि पासवर्ड चोरणारं मालवेअर गेलं, आठवड्याला लाखोंनी डाउनलोड होणारी लायब्ररी ती. काही तासांत दुरुस्त आवृत्त्या आल्या. पुढे याच लायब्ररीची २.० आली ती एमआयटी हे मोकळं लायसन्स सोडून एजीपीएल आणि पैसे देऊन प्रो अशी, आणि दहा वर्षांपूर्वीचे सगळे मुद्दे पुन्हा नव्याने मांडले गेले.

ब्राउझरवाल्यांनी तोवर स्ट्रिंगच आटवायला घेतली होती. २०१९ मध्ये आयपॅडची सफारी मॅक असल्याचं सांगू लागली, तेव्हापासून किती बोटांचा टच चालतो हे पेजवरच्या स्क्रिप्टने विचारून आयपॅड ओळखावा लागतो, म्हणजे सर्व्हरवर ओळखणं संपलंच. २०२३ मध्ये क्रोम ११० पासून अँड्रॉइडच्या स्ट्रिंगमध्ये मॉडेलच्या जागी नुसतं 'के' येतं आणि अँड्रॉइडची आवृत्ती कायम १०. खरं मॉडेल हवं तर क्लायंट हिंट्समधून, म्हणजे ब्राउझरकडे माहिती वेगळी मागायच्या हेडरमधून, मागून घ्यायचं. सफारी आणि फायरफॉक्स त्या हिंट्स पाठवत नाहीत, म्हणून लायब्रऱ्यांना दोन्ही रस्ते सांभाळावे लागतात. आणि मागून मिळतं तरी काय, 'एसएम-ए५२५एफ'. तो गॅलॅक्सी ए५२ आहे हे अजूनही कुणीतरी हाताने यादीत लिहिलेलं असावं लागतं.