टेक्सासला गेलं की कर संपतो का?

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना निवृत्ती जवळ आली की हमखास सल्ला मिळतो: 'टेक्सासला जा, तिथं करच नाही.' हे अर्धसत्य आहे. तिथं राज्याचा आयकर नाही, एवढंच. शाळा, काउंटी, शहर यांचा मोठा खर्च घरपट्टीतून निघतो आणि ती चांगलीच जड असते. पासष्टीनंतर राहत्या घरावरच्या शाळेच्या कराला मर्यादा लागते, हा दिलासा खराच. विक्रीकर मात्र स्थानिक धरून ८.२५ टक्क्यांपर्यंत जातो.

मुळात निवृत्ताला राज्याचा आयकर किती बसतो, हे कुणी तपासतच नाही. न्यू जर्सी सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर, कर घेत नाही. बासष्टी गाठलेल्या जोडप्याचं एकत्रित उत्पन्न १,००,००० डॉलरच्या आत असेल, तर पेन्शनही करातून सुटते. शेजारचं पेनसिल्व्हेनिया राज्य पेन्शनवर कर घेत नाही, पण मुलांना मिळणाऱ्या वारशावर ४.५ टक्के घेतं. ते आईवडिलांच्या हिशेबात येतच नाही.

न्यू जर्सीची घरपट्टी देशातल्या सर्वांत जड घरपट्ट्यांपैकी आहे, हेही खरं. म्हणून दोन्हीकडच्या नेमक्या घरांची घरपट्टीची बिलं शेजारी ठेवा. नातवंडांपासून दूर जाण्याचा निर्णय त्यानंतर घ्या.