पिकअपला हिवाळी टायर घेताय? आधी हे वाचा मग या

पहिला बर्फ पडला की आमच्याकडे झुंबड उडते, आणि बरेच जण आल्या आल्या भिंतीवरच्या मड टायरकडे बोट दाखवतात, मोठमोठी बटणं असलेला तो रांगडा टायर. दिसतो भारी, त्यात वाद नाही. पण तो चिखलासाठी बनवलेला आहे, ठोकळे मोठे, त्यावर बारीक काप जवळपास नाहीतच, त्यामुळे गुळगुळीत गोठलेल्या रस्त्यावर नेमका तोच आधी घसरतो. टायर नक्षी बघून नाही, त्याच्या साईडला काय छापलंय ते वाचून घ्यायचा, एवढंच आमचं सांगणं आहे.

आधी रबराचं बोलू, कारण खरा फरक तिथेच आहे. साध्या उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं आणि मग जुनं वाळलेलं खोडरबर कागदावर नुसतं सरकतं तसं ते रस्त्यावर सरकतं, बर्फ असो नसो. हिवाळी टायरचं रबर वेगळं असतं, त्यात सिलिका बऱ्यापैकी असते, ते थंडीतही मऊ राहतं. दुकानात आलात की नवीन हिवाळी टायरचा एक ठोकळा अंगठ्याने जोरात दाबून बघा, ब्लेडने चिरल्यासारखे जे बारीक काप दिसतात ना ते जरासे उघडतात, त्या कापांच्या कडाच बर्फाला धरतात. आणि मोठ्या चरांमध्ये बर्फ अडकलेला दिसला तर काडीने काढत बसू नका, बर्फाला बर्फ चांगला धरतो, टायर मुद्दाम तसा बनवलेला असतो.

आता पिकअपची खरी अडचण, म्हणजे रिकामा हौदा. इंजिन पुढे, वजन पुढे, आणि गाडी ढकलणारी चाकं बहुतेक वेळा मागची, ज्यांच्यावर काहीच भार नाही, मग वळणावर थोडा जास्त ॲक्सिलरेटर दिला की मागचा भाग बाजूला निघालाच. वाळूच्या गोण्या टाकता येतात, चांगला उपाय आहे, पण त्या मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा जरा पुढे ठेवा, अगदी फाळक्याजवळ ठेवल्या तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं. गोण्या घट्ट बांधा, जोरात ब्रेक मारल्यावर मोकळी गोणी सरळ केबिनकडे येते. आणि वजन वाढलं की थांबायलाही जास्त अंतर लागतं, त्यामुळे हौदा भरून टाकायचा नाहीये.

"माझी फोर बाय फोर आहे, मला काय गरज" हे तर रोजचंच. फोर बाय फोरने गाडी जागची हलते, अडकलेली निघते, कबूल, पण ब्रेक प्रत्येक गाडीचे चारही चाकांवरच लागतात, तिथे फोर बाय फोरचा काही उपयोग नाही, थांबवतो तो टायर. म्हणून चारही बदला. मागचे दोनच बदललेत तर पुढचं वळणार नाही, पुढचे दोनच बदललेत तर ब्रेक मारल्यावर मागचा भाग पुढे यायला बघतो, हे दुसरं जास्त वाईट.

साईडवर काय बघायचं? तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह हवंच. ते दाबलेल्या बर्फावर टेस्ट होऊनच मिळतं. नुसतं "एम प्लस एस" (M+S, म्हणजे मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते नक्षीवरून लावलेलं असतं, टेस्ट लागत नाही. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसता एम प्लस एस हिवाळी टायर म्हणून धरतच नाहीत. पण डोंगराचं चिन्ह गुळगुळीत आइसची गॅरंटी देत नाही, ती टेस्ट तिथली नाहीच. ते चिन्ह असलेले ऑल टेरेन टायरपण मिळतात, खडी, माती आणि अधूनमधून बर्फ असेल तर चालतील, रोज गोठलेल्या रस्त्यावर असाल तर पूर्ण हिवाळी टायरच घ्या.

मग लोड, जो कोणी बघत नाही. लोड इंडेक्स म्हणजे टायर किती भार उचलतो त्याचा साईडवरचा आकडा, ११५ म्हणजे एका टायरला १२१५ किलो, १२१ म्हणजे १४५० किलो. ट्रेलर ओढणार किंवा माल भरणार असाल तर एलटी (LT, लाइट ट्रक, म्हणजे जड भाराचे) टायर घ्या, कंपनीने एलटी दिले असतील तर त्याखाली अजिबात उतरू नका. पण तेवढाच भार उचलायला एलटीला हवा जास्त लागते, आणि तो कडक बसतो, त्यामुळे हलक्या पिकअपला, जी कायम रिकामीच फिरते, उगाच दहा प्लायचा, म्हणजे जड भारासाठी जास्त मजबूत केलेला टायर लावून फायदा काही नाही, धक्के तेवढे मिळतील.

साइज कंपनीने दिलेल्यांपैकी जरा अरुंद घ्या, अरुंद टायर साचलेल्या बर्फातून कापत जातो, रुंद वर तरंगतो. फक्त रिम लहान करायची असेल तर ब्रेकला घासत नाही ना ते आधी लावून बघावं लागतं. खिळ्यांचे टायर आइसवर छान, कोरड्या रस्त्यावर आवाज आणि रस्ता खराब, शिवाय बऱ्याच ठिकाणी बंदी किंवा ठराविक महिनेच परवानगी, तुमच्याकडचा नियम बघून मगच विचारा.

बाकी किरकोळ. तापमान साधारण ५ ते ६ अंशांनी उतरलं की हवा १ पीएसआयने कमी होते, म्हणून थंडीत महिन्यातून एकदा तरी चेक करा, आणि गाडी उभी असताना, टायर गार असताना. नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फात जोर राहत नाही, मग तो टायर दिसायला गोटा झालेला नसला तरी. जुना माल कोणी विकत असेल तर साईडवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, ३२२३ असेल तर २०२३ चा ३२ वा आठवडा.

येताना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो घेऊन या, साइज, हवा सगळं त्यावर असतं, आणि हौद्यात साधारण किती वजन असतं ते खरं सांगा. चाकं बसवून नेल्यावर ८० ते १०० किलोमीटर झाले की परत एकदा चक्कर मारा, नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळून देतो.