विमेन्स प्राइझसाठी सोलापुरातून अर्ज करता येतो का?

आधी मुद्द्याचं : ब्रिटनच्या ‘विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन’ला, म्हणजे बायकांनी लिहिलेल्या कादंबरीच्या पुरस्काराला, लेखिकेनं अर्ज करायचाच नसतो. प्रवेशिका पाठवतो प्रकाशक, तोही तिथला.

१९९१ च्या बुकर या ब्रिटिश साहित्य पुरस्काराच्या अंतिम यादीत सगळे पुरुषच आले. त्यावरून उठलेल्या चर्चेतून हा पुरस्कार उभा राहिला आणि १९९६ पासून दिला जातो. रक्कम ३० हजार पौंड. राष्ट्रीयत्वाची अट नाही, राहण्याच्या ठिकाणाची नाही, वयाचीही नाही. म्हणजे जुळे सोलापुरात बसून लिहिलेली कादंबरीही चालेल. घोडं अडतं ते पुढं. कादंबरी मुळात इंग्रजीत लिहिलेली हवी, अनुवाद बाद. कथासंग्रह बाद. स्वखर्चानं छापलेलं बाद. शिवाय आधीच्या वर्षीच्या १ एप्रिलपासून पुरस्काराच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत ती ब्रिटनमध्ये प्रकाशित व्हायला हवी. तेव्हा ‘फी भरा, तुमचं नाव पाठवतो’ असा मेसेज आला तर सरळ डिलीट करा.

इथं बऱ्याच जणींना कन्नड लेखिका बानू मुश्ताक आठवतील. कर्नाटक आपल्या उंबऱ्यावरच. पण २०२५ मध्ये त्यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला मिळाला तो आंतरराष्ट्रीय बुकर. तो अनुवादित पुस्तकालाच असतो आणि ५० हजार पौंड लेखिका-अनुवादिकेत निम्मे-निम्मे वाटले जातात. तिथंही प्रवेशिका प्रकाशकाचीच.

मराठीत लिहीत असाल तर स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार बघा. तो फक्त बायकांसाठी नाही, पण अर्ज तुमचा तुम्हाला करता येतो. प्रौढ वाङ्मयात कादंबरीला हरी नारायण आपटे आणि कथेला दिवाकर कृष्ण यांच्या नावाचा, प्रत्येकी १ लाखाचा. प्रथम प्रकाशनाचा विभाग वेगळा, तिथं ५० हजार. भरलेली प्रवेशिका आणि पुस्तकाच्या दोन प्रती, एवढंच जोडायचं. सोलापूरकरांनी ते जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचं. मुदत साधारण जानेवारीअखेर, नक्की तारीख त्या वर्षीच्या जाहिरातीत.

खरी गडबड होते वर्षाची. पुस्तक आधीच्या कॅलेंडर वर्षातलं, पहिल्या आवृत्तीचं लागतं. आतल्या पानावर ‘प्रथमावृत्ती : डिसेंबर’ छापलं आणि हुतात्मा स्मृती मंदिरात प्रकाशन समारंभ फेब्रुवारीत ठेवला, तर समारंभाआधीच मुदत टळते. छपाईला देण्यापूर्वीच प्रकाशकाशी हे बोलून घ्या. आणि प्रती देताना पोच मागून घ्या.