कार्डात पैसे, दुकान डोंगरापलीकडे

२९ मे १९६१ रोजी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, वेल्च नावाच्या गावातल्या एका सुपरमार्केटात आल्डरसन आणि क्लोई मन्सी हे जोडपं महिन्याचं सामान भरायला आलं. आल्डरसन खाणकामगार, पण हाताला काम नव्हतं. घरात खाणारी तोंडं पंधरा. जवळ ९५ डॉलरची सरकारी कुपनं होती. केनेडींनी राष्ट्राध्यक्ष झाल्या-झाल्या पहिला आदेश काढला तो गरिबांना जास्त अन्न पुरवण्याचा. त्यानंतर काही महिन्यांतच प्रायोगिक 'फूड स्टॅम्प' योजना आली आणि तिच्यातले पहिले ग्राहक ठरले हे मन्सी. कॅमेऱ्यांच्या गराड्यात त्यांनी सगळ्यात आधी उचलला तो शिजवलेल्या बीन्स आणि डुकराच्या मांसाचा डबा.

आज कुपनं गेली, त्यांच्या जागी एटीएमसारखं कार्ड आलं. योजनेचं नावही २००८ साली 'स्नॅप' झालं. पण वेल्च ज्या मॅकडॉवेल काउंटीचं मुख्य गाव आहे, तिथे आता अडचण वेगळीच आहे. कार्डात पैसे पडतात, ते खर्च करायला धड दुकान मात्र जवळ नाही.

काउंटी म्हणजे आपल्याकडचा मोठा तालुका समजा. क्षेत्रफळ साधारण १,४०० चौरस किलोमीटर, सगळा डोंगराळ मुलूख, पोटात उत्तम दगडी कोळसा. १९५० साली इथे ९८,८८७ माणसं राहत होती. पुढे खाणींत यंत्रं आली, मग खाणीच बंद पडत गेल्या. २०२० च्या जनगणनेत उरली १९,१११. दुकानं गिऱ्हाइकांच्या पाठोपाठ गेली. २००५ मध्ये किंबल या चिमुकल्या गावात वॉलमार्टचं भलंमोठं दुकान उघडलं, आणि त्याच्याशी टक्कर देणं आधीच धापा टाकणाऱ्या छोट्या दुकानदारांना जड गेलं. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने देशभरातली दीडशेहून जास्त दुकानं एका फटक्यात बंद केली, त्यात हेही गेलं. सुमारे १४० जणांच्या नोकऱ्या गेल्या. बंद होण्यापूर्वी तिथला उरलासुरला माल गावातल्या अन्नछत्राला मिळायचा, तोही थांबला.

अशा भागाला अमेरिकेत 'फूड डेझर्ट' म्हणतात, म्हणजे अन्नाचं वाळवंट. शब्द जन्मला स्कॉटलंडमध्ये, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याची व्याख्या केली ती अशी: वस्ती गरीब हवी, आणि तिथले किमान ५०० लोक किंवा एक तृतीयांश रहिवासी सुपरमार्केटपासून लांब राहत असावेत. लांब म्हणजे किती? शहरात एक मैल, खेड्यात १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर. हिशेबासाठी देशाच्या नकाशावर अर्ध्या किलोमीटरच्या चौकटी आखल्या आहेत. प्रत्येक चौकटीच्या मध्यापासून जवळच्या सुपरमार्केटापर्यंतचं अंतर मोजायचं, की झालं.

पण ते अंतर मोजलं जातं सरळ रेषेत, कावळा उडतो तसं. मॅकडॉवेलमध्ये कावळा सोडून कोणीच सरळ जात नाही. लोक राहतात 'हॉलर'मध्ये, म्हणजे दोन डोंगरांच्या चिमटीतल्या ओढ्याकाठच्या अरुंद दरीत. रस्ता ओढ्याबरोबर वळत खाली उतरतो, मुख्य रस्त्याला लागतो आणि मग दुसऱ्या खिंडीतून चढतो. नकाशावरचे पाच मैल गाडीच्या काट्यावर आठ-दहा सहज होतात, आणि बर्फ पडलं की मैल मोजण्यातही अर्थ उरत नाही. शिवाय १० मैलांची रेघ एखाद्या वस्तीच्या अलीकडे पडते की पलीकडे, एवढ्यावर ती 'वाळवंटात' धरायची की नाही हे ठरतं. साडेनऊ मैलांवर राहणारी, गाडी नसलेली म्हातारी या हिशेबात मजेत आहे. खात्यालाही हे कळतं. म्हणून त्यांच्या नकाशात गाडी नसलेल्या घरांचा एक वेगळा थरही आहे. पण वर्तमानपत्रात छापून येतो तो सोपा, एकरंगी नकाशा.

माझ्या मते अंतराइतकीच महत्त्वाची, पण नकाशात न मावणारी गोष्ट म्हणजे भाजी किती दिवस टिकते ती. दुकान लांब असलं आणि गाडी शेजाऱ्याची असली की फेरी होते महिन्यातून एक-दोनदा. मग पिशवीत काय घ्यायचं हे जीभ ठरवत नाही, भाजीचा श्वास ठरवतो. श्वास हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही. खुडलेलं पान जिवंतच असतं. ते ऑक्सिजन घेतं, साठवलेली साखर जाळतं, उष्णता आणि पाणी बाहेर टाकतं. मुळांकडून नवा पुरवठा बंद झालेला असतो, त्यामुळे ते स्वतःलाच खात बसतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. पालकासारखं कोवळं पान भराभर श्वास घेतं. शून्य अंशाच्या आसपास ठेवलं तरी ते जेमतेम दहा-चौदा दिवस तग धरतं, आणि तेवढ्यात त्यातलं क जीवनसत्त्वही झपाट्याने उतरतं. बटाटा आणि कांदा हे मुळात पुढच्या हंगामापर्यंत तगून राहायलाच घडलेले अवयव. ते मंद, जवळजवळ झोपेत श्वास घेतात. कोबीचा गड्डाही दमदार.

आता कॅलिफोर्नियात खुडलेल्या पालकाचा हिशेब करा. ट्रकमधून देश ओलांडायला चार-पाच दिवस, घाऊक गोदामात एखाद-दोन, दुकानाच्या फळीवर आणखी दोन. घरी पोचतो तेव्हा त्याचं आयुष्य अर्ध्याहून अधिक सरलेलं. आमच्या घरी सकाळी मंडईतून आणलेली जुडी तिसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये लिबलिबीत होते, तर महिन्यातून एकदा बाजार करणाऱ्याने ती का घ्यावी? त्याने डबा घेतला, गोठवलेले मटार घेतले, तर त्यात अडाणीपणा काही नाही. गोठवलेल्या मटारांना नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तोडल्यापासून काही तासांत उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेल्या दाण्यात जीवनसत्त्वं बऱ्यापैकी टिकतात. आठवडाभर फळीवर सुकलेल्या 'ताज्या' शेंगेपेक्षा बहुतेक वेळा जास्तच.

दुकानदाराच्या बाजूनेही हेच गणित उलटं बसतं. वेस्ट व्हर्जिनियात स्नॅपचे पैसे महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत कार्डावर जमा होतात. पहिल्या आठवड्यात झुंबड, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शुकशुकाट. फूड स्टॅम्पवर जगणाऱ्या कुटुंबांच्या आहाराच्या नोंदी तपासणाऱ्या २००५ च्या एका अभ्यासात, महिना सरत जातो तसे पोटात जाणारे उष्मांक १० ते १५ टक्क्यांनी घटताना दिसले. डब्यांना हे चढउतार सोसतात, टोमॅटोला सोसत नाहीत. किराण्यात नफा शंभरामागे एक ते तीन डॉलर, त्यात शीतकपाटांचं वीजबिल, आणि घाऊक पुरवठादाराचा ट्रक आडवळणाच्या गावी यायचा तर किमान ऑर्डरची अट. नासका माल फेकत बसणं छोट्या दुकानदाराला परवडणार कसं? तो भाजी ठेवणंच सोडतो. मग उरतात ते पेट्रोल पंपाला जोडलेलं दुकान आणि 'डॉलर जनरल'. या साखळीची दुकानं देशात २० हजारांवर आहेत, आणि बहुतेकांत चिप्स, पाव, डबे, सोडा, झालंच तर थोडं दूध-अंडी. कार्ड तिथेही चालतं. गरम, तयार जेवण मात्र त्या कार्डावर मिळत नाही.

इथे आपल्या रेशनची आठवण येणं साहजिक आहे. आपण माणशी पाच किलो धान्य देतो, आणि ते द्यायचं तर सरकारला गावात किंवा शेजारच्या गावात रेशन दुकान ठेवावंच लागतं. त्या दुकानाच्या तक्रारी हजार असतील, पण योजनेच्या पोटातच दुकान आहे. अमेरिकेने गरिबाच्या हातात खरेदीची ताकद दिली, काय घ्यायचं ते बहुतांशी त्याच्यावर सोडलं. त्यात माणसाचा मान जास्त राखला जातो, असं मला वाटतं. पण दुकान असेल हे गृहीत धरलं होतं. १९६१ मध्ये ते खरंही होतं.

मग सुपरमार्केट उघडून दिलं की काम भागेल? अर्थशास्त्रज्ञांनी हेही तपासलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हजारो कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या खरेदीच्या नोंदी पाहिल्या. गरीब वस्तीत नवं सुपरमार्केट आलं तरी लोकांच्या टोपलीतलं सामान फारसं बदललं नाही. श्रीमंतांच्या वस्तीतला माल त्याच किमतीला मिळाला असता, तरी श्रीमंत-गरिबांच्या आहारातली दरी साधारण दहा टक्क्यांनीच बुजली असती. बाकीची नव्वद टक्के मागणीच्या बाजूची, म्हणजे लोकांना काय घ्यावंसं वाटतं त्याची. हा निष्कर्ष टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणा ठरेल. पण तो देशभराची सरासरी सांगतो, आणि सरासरी अमेरिकी माणूस खरेदीला आठेक किलोमीटर गाडी हाकतच असतो. आणि मागणी तरी कुठून येते? खाणकंपन्या एके काळी इथे पगार स्वतःच्या टोकननी द्यायच्या, ती टोकनं चालायची कंपनीच्याच दुकानात. दोन-तीन पिढ्या फळीवर जे दिसलं तेच चवीचं झालं असेल, तर दुकान उघडल्याच्या दुसऱ्या वर्षी पालक खपायला हवा होता, ही अपेक्षाच घाईची.

२०१० च्या आकड्यांनुसार मॅकडॉवेलमधल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान सुमारे ६४ वर्षं होतं. साडेतीनशे मैलांवरच्या श्रीमंत फेअरफॅक्स काउंटीत ८२. याला धूळ, धूर, वेदनाशामकांचं व्यसन, बेकारी अशी अनेक कारणं आहेत. सगळं खापर भाजीच्या टंचाईवर फोडू नये.

काही गावांनी वेगळा रस्ता धरला. कॅन्ससमधल्या सेंट पॉल या सहाशेएक वस्तीच्या गावातलं किराणा दुकान १९८५ मध्ये बंद पडलं. वीसहून जास्त वर्षं वाट पाहून गावकऱ्यांनी २००८ मध्ये नवं उभं केलं, आणि पुढे ते गावाच्या प्रशासनानेच चालवायला घेतलं. पाण्याच्या नळासारखं दुकानही सार्वजनिक.

मॅकडॉवेलच्या हॉलरमधल्या जुन्या बायकांकडे टिकाऊपणाचं उत्तर पूर्वीपासून होतं. घेवड्याच्या शेंगा सुईदोऱ्यात ओवून माळा करायच्या, ओसरीत टांगून कडकडीत वाळवायच्या. सुरकुतलेल्या, चामड्यासारख्या त्या शेंगांना म्हणतात 'लेदर ब्रिचेस', कातड्याच्या विजारी. आपल्याकडच्या गवारीच्या वाळवणाची ही बहीण. पाणी काढून घेतलं की श्वासही थांबतो आणि बुरशीही. हिवाळ्यात रात्रभर भिजवून खारवलेल्या डुकराच्या तुकड्याबरोबर तासन्तास शिजवायच्या. अजूनही काही घरांत हे होतं. पण घेवडा लावायला सपाट जमीन लागते, ती इथे ओढ्याकाठीच आहे, आणि २००१, २००२ आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये पुराचं पाणी सगळ्यात आधी शिरलं ते तिथेच.