खूर-पुनर्वसन (घोड्याचे)

खूर-पुनर्वसन : घोड्याचे फुटलेले, पसरलेले, टाचेशी आवळलेले किंवा आजाराने विकृत झालेले खूर टप्प्याटप्प्याने तासून आणि त्याला सोसेल एवढाच हलका व्यायाम देऊन पुन्हा वजन पेलण्याजोगे करण्याची उपचारपद्धती. नेहमीच्या तासणीत वाढलेला भाग कापून खूर मापात ठेवणे एवढेच अपेक्षित असते. पुनर्वसनात मात्र नव्याने उगवणाऱ्या खुराला खाली उतरण्यासाठी वाट मोकळी करून द्यायची असते. बिघडलेली भिंत सांधली जात नाही. ती वाढत वाढत जमिनीपर्यंत येते, झिजते किंवा तासली जाते आणि तिच्या जागी नवी भिंत उतरते. म्हणून या उपचारात सर्वांत मोठा वाटा काळाचा असतो.

रचना व वाढ : खुराची बाहेरची कठीण भिंत केराटिन या प्रथिनाची, म्हणजे माणसाच्या नखांच्याच द्रव्याची, बनलेली असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि संवेदनाही नसते. केसांची कड जिथे संपते तेथील मऊ पट्ट्यातून ती खाली वाढत येते. भिंतीच्या आतल्या अंगाला सुमारे 550 ते 600 उभे पापुद्रे असून प्रत्येकावर 150 ते 200 बारीक दुय्यम पापुद्रे असतात आणि ते आतल्या हाडाला वेढणाऱ्या जिवंत पापुद्र्यांत गुंतलेले असतात. एका खुरातील या गुंफणीचे क्षेत्रफळ सरासरी 0.8 चौ. मी. भरते. हाड भिंतीला धरून राहते ते या गुंफणीमुळेच, आणि ती सैल झाली की खुराचे बहुतेक गंभीर बिघाड सुरू होतात. तळव्याच्या मागच्या अर्ध्या भागात रबरासारखा लवचिक, त्रिकोणी फ्रॉग असतो. त्याच्या वर टाचेच्या पोटात तंतुमय गादी आणि तिच्या दोन्ही बाजूंना कूर्चेचे पाखे असतात.

भिंत महिन्याला साधारणपणे 6 ते 10 मिमी वाढते. त्यामुळे पुढच्या बाजूचा खूर केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत संपूर्ण नवा होण्यास 9 ते 12 महिने लागतात, तर टाच उंचीने कमी असल्याने 4 ते 5 महिन्यांत बदलते. उपचारात टाच आधी सुधारलेली दिसते आणि पुढचा भाग मागाहून, याचे हे साधे कारण आहे.

बिघाडाचे स्वरूप : सर्वांत अधिक आढळणारा बिघाड म्हणजे खूर पुढे लांबणे आणि टाचा पुढे सरकून चेपणे. लांबलेला भाग प्रत्येक पावलाला तरफेसारखा वागतो. वाढलेले नख कशात तरी अडकून उचकटावे, तशी भिंत आतल्या गुंफणीपासून दर पावलाला थोडी थोडी ओढली जाते. भिंत आणि तळवा यांच्या सांध्यावर, ज्याला नालबंद पांढरी रेषा म्हणतात (प्रत्यक्षात तिचा रंग पिवळसर असतो), तेथे मग फट पडते, तिच्यात माती आणि जंतू शिरतात. टाच आवळली तर फ्रॉग अरुंद होतो, त्याच्या मधल्या खाचेत हवा न लागल्याने कुजकी लागण होते आणि घोडा टाच टेकवणेच टाळू लागतो. टाच टेकत नाही म्हणून ती अधिक दुबळी होते, आणि दुबळी म्हणून टेकवत नाही. हे चक्र तोडणे हे पुनर्वसनाचे निम्मे काम होय. तिसरा आणि सर्वांत वेदनादायक बिघाड लॅमिनायटिसचा. त्यात पापुद्र्यांची गुंफण सुटू लागते आणि आतले हाड भिंतीपासून कलते किंवा सरळ खाली बसते. जंतुसंसर्गातून येणारी विषबाधा आणि दुसरा पाय दुखावल्याने एकाच पायावर दीर्घकाळ पडणारा भार हीही त्याची कारणे असली, तरी रक्तातील इन्शुलिनचे वाढलेले प्रमाण हे आज सर्वांत मोठे कारण मानले जाते. निरोगी तट्टांच्या रक्तात इन्शुलिनची पातळी सतत चढी ठेवल्यास लॅमिनायटिस उद्‌भवतो, असे 2007 मध्ये प्रयोगाने दिसून आले.

इतिहास : नाल माहीत नसलेल्या काळात खुरांची निगा कशी राखत, याचे जुन्यांतले जुने तपशीलवार वर्णन ग्रीक सेनानी झेनोफन याच्या अश्वविद्येवरील ग्रंथात (इ. स. पू. चौथे शतक) आहे. ओलसर आणि गुळगुळीत जमिनीच्या तबेल्यात चांगले खूरही बिघडतात, असे सांगून तो तबेल्याबाहेर मुठीएवढ्या गोल दगडांच्या चार-पाच गाड्या ओतायला सांगतो. दगड विखरू नयेत म्हणून त्यांना लोखंडाची कड घालावी आणि घोड्याला त्यांवर उभे करावे, म्हणजे दिवसाचा काही वेळ तो खडकाळ वाटेवर चालल्यासारखाच होतो. आजच्या पुनर्वसनात वापरला जाणारा गोट्या-खडीचा चौक हा याच कल्पनेचा वारस म्हणता येईल. मात्र झेनोफनचा आधार घेणारे अभ्यासक त्याचे दुसरे मत सहसा सांगत नाहीत. त्याला उंच, पोकळ खूर पसंत होता आणि फ्रॉग (त्याच्या भाषेत ‘पाकोळी’) जमिनीपासून वर राहावा, असे तो मानत असे. असा खूर जमिनीवर झांजेसारखा वाजतो, हे पूर्वसूरी सायमनचे निरीक्षणही तो संमतीने देतो. आजचा दृष्टिकोन याच्या नेमका उलट आहे.

खिळ्यांनी ठोकलेला नाल केव्हा आला, याविषयी विद्वानांत एकमत नाही. रोमन काळात, विशेषतः आल्प्सच्या उत्तरेकडील प्रांतांत, पायाला बांधण्याचे धातूचे जोडे वापरात होते, हे उत्खननातून निश्चित झाले आहे. ते चालीसाठी होते की जखमी खुराच्या रक्षणासाठी, याचा उलगडा दोन्ही बाजूंनी केला जातो. केल्टिक वा रोमन थरांत सापडलेल्या काही खिळेदार नालांच्या आधारे हे श्रेय केल्ट लोकांना देण्यात आले आहे. परंतु नाल ही जड, चिखलात रुतणारी, नांगराबरोबर खालीवर होणारी वस्तू असल्याने तो ज्या थरात सापडला त्या थराचाच असेल, असे धरून चालणे धोक्याचे ठरते. 1653 मध्ये आजच्या बेल्जियममधील तूर्ने येथे उघडकीस आलेल्या फ्रँक राजा चिल्डेरिक (मृत्यू इ. स. 481 च्या सुमारास) याच्या थडग्यातील गंजलेला लोखंडी तुकडाही पुष्कळ काळ नाल म्हणून दाखवला गेला, पण ती ओळख वादग्रस्त आहे. लिखित पुरावा त्यामानाने ठाम आहे. बायझंटिन सम्राट सहावा लिओ याच्या नावावरील, इ. स. 900 च्या सुमाराच्या युद्धशास्त्रविषयक ग्रंथात घोडदळाच्या सामानात चंद्रकोरीच्या आकाराचे लोखंड आणि त्याचे खिळे यांचा उल्लेख येतो. नालबंदीचा सार्वत्रिक प्रसार नवव्या-दहाव्या शतकांच्या आसपास व त्यानंतर झाला, असे मानणे अधिक सुरक्षित वाटते. ‘नाल’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ पादत्राण असा होतो. त्यावरून बांधायच्या जोड्यापासून खिळ्याच्या नालापर्यंतचा प्रवास जोडून दाखवण्याचा मोह होतो, पण शब्दाच्या अर्थावर एवढा भार टाकता येत नाही.

नालाच्या दुष्परिणामांची पद्धतशीर चर्चा त्यामानाने उशिराची आहे. इंग्रज पशुवैद्य ब्रेसी क्लार्क (1771–1860) यांनी जिवंत घोड्याच्या पायावरील आपले प्रयोग 1809 पासून प्रसिद्ध केले. खूर हा लवचिक अवयव असून दोन्ही बाजूंनी खिळ्यांनी जखडल्यास तो वर्षानुवर्षे आवळत जातो, हा त्यांचा निष्कर्ष होता. समकालीनांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा विचार पुन्हा वर आला. अमेरिकेतील नालबंद जेमी जॅक्सन यांनी 1982 ते 1986 या काळात ग्रेट बेसिन प्रदेशातील मोकाट घोड्यांचे खूर पाहिले आणि 1992 मध्ये आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने मांडली. विनानाल तासणीच्या आजच्या बऱ्याच पद्धतींचे मूळ तेथे आहे.

धक्का कोण झेलतो : टाचेतील गादी नेमके काय काम करते, हा या विषयातील सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न आहे, आणि हलक्या व्यायामाचे समर्थन त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. जुन्या मताप्रमाणे पाऊल टेकताच फ्रॉग वर दाबला जातो, तो गादीला दाबतो आणि गादी कूर्चेचे पाखे बाहेर ढकलते. तसे असेल, तर पाऊल टेकले असताना गादीतील दाब वाढला पाहिजे. 1994 मधील मोजणीत तो उलट घटलेला आढळला. यावरून मिशिगन स्टेट विद्यापीठातील रॉबर्ट बाउकर यांनी 1998 मध्ये वेगळी उपपत्ती मांडली : टाच पसरताना आत पोकळी निर्माण होऊन रक्त खेचले जाते आणि पाख्यांमधील बारीक शिरांच्या जाळ्यातून ते वाहताना धक्क्याची ऊर्जा विरते. ज्या घोड्यांचे पाखे जाड, गादी तंतुकूर्चामय आणि शिरांचे जाळे दाट, त्यांचे पाय अधिक काळ टिकतात, असेही त्यांनी दाखवले. जुने मत आजही मांडले जाते आणि दोन्ही क्रिया काही प्रमाणात एकत्र घडत असणे शक्य आहे. तरीही 1994 च्या मोजणीशी जुळते ती बाउकर यांचीच उपपत्ती. टाच टेकवून चालल्याने प्रौढ घोड्याची गादी नव्याने किती घडते, याविषयी मात्र जपूनच विधान करावे. टाचेचा भाग भरून आल्याचे उपचार करणारे नेहमी पाहतात, पण गादीच्या ऊतींतील बदलाचा पुरावा शिंगरांमध्ये जितका स्पष्ट आहे तितका प्रौढांत नाही.

तासणी : तासण्यापूर्वी घोडा चालवून पाऊल आधी टाचेवर पडते की पुढच्या टोकावर, हे बाजूने पाहिले जाते; लॅमिनायटिसची शंका असल्यास क्ष-किरण चित्र घेतल्याशिवाय सुरी लावू नये. त्यानंतर मार्गदर्शक ठरते ती केसांच्या कडेखालची बोटभर नवी वाढ. तिच्यावर सरळ पट्टी टेकवली, तर पट्टीचे खालचे टोक जुन्या भिंतीला अडून वर अंतर राहते : वरची बोटभर भिंत उभी आणि तिच्याखालची बाहेर पसरलेली, असा तो बाक असतो. वरचा उभा कोन म्हणजे हाडाशी घट्ट धरून आलेला खूर. हाच कोन जमिनीपर्यंत उतरू देणे, एवढेच तासणाऱ्याचे उद्दिष्ट असते. त्यासाठी पसरलेल्या भिंतीची खालची कड कानशीने बाहेरून तिरकी घासून तिच्यावरचा भार काढतात, पुढचे टोक मागे आणून पाऊल लवकर उलटेल असे करतात आणि टाचा तळव्याच्या जिवंत पातळीच्या जवळ, पण एकदम नव्हे, आणतात. तळवा पुढच्या भागात सहसा कापत नाहीत. निरोगी तळव्याची जाडी सुमारे 15 मिमी असते. आजारी घोड्यात ती निम्म्याहून कमी उरलेली असू शकते आणि त्यातली प्रत्येक खरवड हाडाचे संरक्षण घटवते. स्वच्छ, गोरा, सुबक दिसणारा तळवा ही पाहणाऱ्याची हौस असते, आणि त्या हौसेपायी घोडा पुढचे कित्येक दिवस खड्यावर पाय ठेवू शकत नाही. दोन तासण्यांमध्ये एरवी 4 ते 6 आठवडे असतात. पुनर्वसनात थोडे थोडे आणि लवकर, म्हणजे 2 ते 4 आठवड्यांनी, तासणे हितावह ठरते.

हलका व्यायाम : लॅमिनायटिसच्या तीव्र अवस्थेत चालवणे निषिद्ध आहे; सैल झालेली गुंफण प्रत्येक पावलाला अधिक फाटते. त्या काळात जाड, मऊ अंथरूण, तळव्याला आधार आणि विश्रांती हाच उपचार असतो. खूर गरम लागेनासा झाला, घोट्यामागच्या नाडीचे ठोके मंदावले आणि घोडा वेदनाशामकाविना आपण होऊन हलू लागला, की मोहरकी धरून 5 ते 10 मिनिटांची फेरी सुरू करता येते. वाट सपाट, सरळ आणि फार मऊ नसलेली असावी, कारण खोल वाळूत टोक रुतते आणि ओढ वाढते. अरुंद वळणे व गोल फिरवणे टाळतात, कारण वळताना भार खुराच्या एका बाजूवर पडतो. तळवा पातळ असल्यास आत गादी घातलेले खुराचे बूट चढवून चालवतात. घोडा मोकळेपणाने टाच टेकवू लागतो, आणि हवा असलेला परिणाम त्या टेकवण्यातूनच मिळतो. मिनिटे वाढवायची ती दिनदर्शिकेवरून नव्हे; दुसऱ्या दिवशी सकाळी तबेल्यातून बाहेर पडतानाची पहिली दहा पावले पाहावीत. ती आखूड पडली, तर आदला दिवस जास्त झाला असे समजावे. दुडकी चाल कित्येक आठवड्यांनंतर, आणि स्वारी त्याहूनही मागाहून येते. घोड्याला दिवसभर आपल्याच मर्जीने फिरू देणे हे मोजून दिलेल्या व्यायामाहून श्रेयस्कर मानले जाते. म्हणून चारा आणि पाणी दूर दूर ठेवून मध्ये निमुळत्या वाटा आखण्याची पद्धत रूढ होत आहे.

आहार : साखर व स्टार्च अधिक असलेला चारा चालू राहिला, तर तासणीने काहीच साधत नाही. वाळलेले गवत पाण्यात भिजवून त्यातील साखर काही अंशी उतरवतात. दररोज 20 मिग्रॅ बायोटिन दिल्याने खुराची प्रत सुधारते, पण परिणाम दिसण्यास सुमारे 9 महिने लागतात. तांबे व जस्त यांची उणीव भरून काढणेही आवश्यक असते.

मतभेद व मर्यादा : मोकाट घोड्याचा खूर हाच आदर्श, असे विनानाल पद्धतीचे पुष्कळ समर्थक मानतात. ऑस्ट्रेलियातील मोकाट घोडे दिवसाला सरासरी 16 किमीच्या आसपास चालतात, असे मोजणीत आढळले आहे आणि चालण्याचे महत्त्व त्यावरून पटते. परंतु न्यूझीलंडमधील कायमानावा घोड्यांच्या खुरांत पसरलेल्या भिंती व जुन्या लॅमिनायटिसच्या खुणा दिसून आल्या, तेव्हा मोकाट म्हणजे निरोगी हे समीकरण तसेच्या तसे घेता येत नाही. दुसऱ्या बाजूस, नाल हाच सर्व बिघाडांचे मूळ हेही एकांगी मत आहे. हाड फार कलले असता काही पशुवैद्य विशिष्ट आकाराचे नाल किंवा चिकटवलेले आधार वापरतात आणि काही रुग्णांत खुरातील हाड मागे ओढणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा तंतुमय दोर) शस्त्रक्रियेने कापावी लागते. हाड तळव्यातून बाहेर आलेले असल्यास केवळ तासणीवर विसंबणे प्राण्यावर अन्याय करणारे ठरते. गाढव व खेचर यांचे खूर अधिक उभे असतात, त्यामुळे घोड्याचे कोन त्यांना जसेच्या तसे लागू करू नयेत.