वाड्याखालचं भुयार आणि मोहरांचा हंडा

पडक्या वाड्याचं जोतं उकरताना किंवा मळ्यात जेसीबी चालवताना जमीन खचते, खाली पोकळी दिसते आणि दिवस मावळायच्या आत गावभर होतं की अमक्यांच्या जागेत भुयार लागलं. पुढच्या गोष्टी ठरलेल्या असतात. भुयार थेट किल्ल्यापर्यंत जातं. आतून घोडेस्वार जाईल एवढं ते उंच आहे. पणजोबांच्या वेळी एक वऱ्हाड आत शिरलं ते बाहेर आलंच नाही, मग इंग्रजांनी तोंड बुजवलं. आणि शेवटी, आवाज उतरवून, आत हंडे आहेत म्हणून सांगतात.

साताऱ्यापासून परभणीपर्यंत ही गोष्ट थोड्याफार फरकाने सारखीच ऐकायला मिळते. तिला निव्वळ थाप म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण ते बरोबर होणार नाही. जमिनीखालच्या वाटा खऱ्या आहेत आणि जमिनीत पुरलेलं धनही खरं आहे. मात्र दोघांचे इतिहास वेगवेगळे आहेत आणि एका जागी ते क्वचितच भेटतात. घराण्याच्या जागेत खोदायला निघणाऱ्याने हे दोन्ही इतिहास आधी सुटे करून पाहायला हवेत.

आधी पोकळीचा. दख्खनच्या जुन्या शहरांखाली सापडणारी बरीचशी ‘भुयारं’ पाण्याची आहेत. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. त्याने डोंगरपायथ्याचं भूजल जमिनीखालच्या बांधीव वाटेने शहरात खेळवलं. ती नहर-ए-अंबरी. नंतर आणखी नहरी झाल्या, आणि पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरत आली. आपल्या सीमेला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी कुंडी भंडारा तयार झाला. वरून पाहिलं तर ओळीने विहिरी दिसतात, शंभरावर. खाली त्या सगळ्या एका वाटेने जोडलेल्या आहेत. हे माहीत नसलेल्या माणसाला यातली एक कुंडी आपल्या शेतात सापडली, तर तो दुसरं काय समजणार?

पुण्याची गोष्ट आणखी जवळची. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या आसपास कात्रजला तलाव बांधवून घेतला आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ आणला. ‘नळ’ म्हटल्यावर बोटभर तोटी डोळ्यांसमोर येते, पण हा नळ माणूस आतून चालत जाऊ शकेल एवढा आहे. वाटेत ठरावीक अंतरांवर उच्छ्वास बांधले. वरून ते विहिरीसारखे दिसतात. पाणी तिथे आलं की त्याचा वेग मंदावतो, गाळ तळाशी बसतो, कोंडलेली हवा वर निघून जाते आणि निवळलेलं पाणी पुढे सरकतं. एवढ्या पल्ल्याला पंपही नाही आणि गाळणीही नाही, सगळं काम उताराने केलं. पेठांमधले काळा हौद, बदामी हौद, फडके हौद या पाण्यावर भरत, आणि सरदारांच्या वाड्यांनाही फाटे दिलेले होते. म्हणजे जुन्या पुण्यात एखाद्या वाड्याच्या चौकाखाली दगडी कमानीची वाट निघणं यात गूढ काही नाही. तो त्या घराचा पाण्याचा जोड आहे. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात भुयार लागलं तेव्हा शहरात चार दिवस हीच चर्चा होती. जाणकारांनी पाहिलं आणि ती जुन्या पाणीपुरवठ्याची वाट असल्याचं सांगितलं. चर्चा विरली. मला उलट वाटतं, चर्चा व्हायला हवी होती ती तिथून पुढे.

दुसरी पोकळी धान्याची. मराठवाडा, सोलापूर, सांगली या पट्ट्यात ज्वारी पेवात ठेवायची रीत होती. तोंड अरुंद, पोट मोठं, आत कडबा-भुसकटाचं अस्तर आणि वरून माती लिंपून बंद. धान्य वर्षानुवर्षं टिके आणि लुटारूंच्या नजरेलाही पडत नसे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं होती, तिथल्या मातीच्या गुणामुळे हळद आत चांगली राही. २००५ च्या महापुरात ती फार खराब झाली. अशी सोडून दिलेली पेवं शेजारी शेजारी असली आणि मधली माती ढासळली की पाहणाऱ्याला भुयाराचा भास होतो.

पेवाबद्दल जुन्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती आणि ती आज विसरली गेली आहे. बंद पेवात धान्य श्वसन करतं, प्राणवायू संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहतो. म्हणून पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नसे. बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल, हा साधा हिशोब. आत उतरलेला माणूस आवाज न करता कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. ‘धनावर नागोबाचा पहारा आहे, जो आत गेला तो मेला’ अशा कथांमागे मला तरी बऱ्याच ठिकाणी हाच वायू दिसतो.

तिसरी पोकळी गढी-किल्ल्यांची: तळघरं, चोरवाटा, बळदं म्हणजे भिंतीतल्या पोकळ कोठ्या. देवगिरीची अंधारी ही खरी, खडकात खोदलेली, शत्रूला चकवायला केलेली वाट. पण ती किल्ल्याच्या पोटातच आहे, दुसऱ्या गावाला जात नाही. काळ्या कातळात कोसभर भुयार खोदायचं तर वर्षं लागतात, वाटेत हवेसाठी झरोके ठेवावे लागतात आणि पावसाळ्यात आत शिरणारं पाणी काढावं लागतं. नहरींना हे जमलं, कारण त्यांच्यावर दर थोड्या अंतरावर उघडी तोंडं होती. गुप्त वाटेला उघडी तोंडं ठेवून चालत नाही. दहा कोसांच्या चोरवाटेची कथा इथेच अडते.

आता धनाचा इतिहास. लोक पैसा पुरत का, हे समजायला अठराव्या शतकातलं पुणं पुरेसं आहे. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने शहर लुटलं आणि जाळलं. १७९८ मध्ये दौलतराव शिंद्यांचा कारभारी सर्जेराव घाटगे याने पैशासाठी पुण्यातल्या सावकार-कारभाऱ्यांचा छळ मांडला. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरची लढाई जिंकून यशवंतराव होळकर शहरावर आले. वर पेंढारी होतेच. चाळीस वर्षांत जे घर तीनदा झडतीला सामोरं गेलं, ते चौथ्या वेळेची तयारी करून ठेवणार. बँक नव्हती. सावकाराची पेढी होती, पण लूट आली की सर्वांत आधी दार वाजे ते तिचंच.

पण हे धन ठेवत कुठे? भुयारात नाही. धन लागेल तेव्हा एकट्याने, रात्रीतून, आवाज न करता काढता आलं पाहिजे, म्हणून ते झोपायच्या खोलीजवळ असे: चुलीमागे, देवघराच्या फरशीखाली, गोठ्यात गव्हाणीच्या बुडाशी, भिंतीतल्या बळदात. भुयाराचं तोंड दहा जणांना माहीत असतं. नळ साफ करायला तर कामगार आत उतरत.

राजघराण्याचा पैसाही असाच घरात किंवा विहिरीत सापडलेला आहे. मे १८१८ मध्ये रायगड पडला. किल्लेदार नारो गोविंद औटी यांना तहानुसार पुण्यात येऊ दिलं होतं. पेशव्यांचा मोठा ऐवज त्यांच्याकडे असल्याचा इंग्रजांना संशय होता. जुलैमध्ये कलेक्टर रॉबर्टसन याने त्यांच्या घरातला ऐवज जप्त केला. तो खाजगी की पेशव्यांचा, यावर औटींच्या माघारी खटला उभा राहिला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने इंग्रज अधिकाऱ्यांविरुद्ध निकाल दिला आणि १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, तो फिरवला. जप्ती युद्धाच्या ओघात झाली, त्यात दिवाणी न्यायालयाला पडता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे ब्रह्मावर्तात, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला, डिसेंबर १८५७ मध्ये, इंग्रजी फौजेने दुसऱ्या नानासाहेबांच्या वाड्यातली विहीर उपसली आणि गाळातून सोन्याचांदीची भांडी नि नाणी बाहेर काढली. वर पाणी असलेली जागा खजिन्याला भुयारापेक्षा बरी.

सामान्य घरांनी पुरलेल्या पैशाचं मात्र बहुतेक वेळा एकच झालं: ज्यांनी पुरला त्यांनीच काढला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनच्या गावागावांतून चांदीचे दागिने विकायला निघाले आणि मुंबईच्या टांकसाळीत वितळले. पोट भरायची वेळ आली तेव्हा पाटा, गव्हाण, बळद, सगळं उकरून झालं होतं. १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक सुरू झाली आणि हळूहळू हंड्याची जागा पासबुकाने घेतली. आज ‘आजोबांनी पुरून ठेवलंय’ म्हणणाऱ्या घरांना हा दुष्काळ बहुधा आठवत नाही.

तरीही काही हंडे मागे राहिले. मालक अचानक मेला, परागंदा झाला किंवा जागेची खूण हरवली. १९०६ मध्ये नाशिकजवळ गोदावरी-दारणेच्या संगमावर जोगलटेंभीला चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली. क्षत्रप नहपानाची ही नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव शिलालेखात होता, तो इथे मोजून हातात घेता आला. १९३९ मध्ये वऱ्हाडात तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. बाजारात त्या पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूच्या नाण्यांना फुटकी कवडीही मिळाली नसती, पण ज्या राजांची नावं फक्त पुराणांच्या याद्यांत होती त्यांतले काही त्यामुळे खरे ठरले.

नियोजन करून खोदलेल्या खजिन्यांची कहाणी याच्या अगदी उलट. १९७६ मध्ये, आणीबाणीत, जयपूरच्या जयगडावर सरकारने खजिन्यासाठी मोठा शोध घेतला आणि काही मिळालं नाही असं जाहीर केलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या डौंडिया खेड्यात एका साधूला हजार टन सोन्याचं स्वप्न पडलं म्हणून पुरातत्त्व खात्याने कुदळी लावल्या. खापरं आणि बांगड्यांचे तुकडे निघाले.

या हव्यासाची काळी बाजू आपल्याकडे कमी नाही. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, ही जुनी समजूत. मांडूळ धन दाखवतं म्हणून त्या गरीब सापाची तस्करी चालते. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तरी पोलिसांच्या बातम्या थांबत नाहीत. सर्वांत भयंकर म्हणजे बळी. परभणी जिल्ह्यात मानवतला १९७२ ते १९७४ दरम्यान बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या, आणि त्या प्रकरणात गुप्तधनाची गोष्ट पुढे आली होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यावर आधी अध्यादेशाने आणि डिसेंबरात विधिमंडळाने मंजूर केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधन शोधण्याच्या नावाखालची अघोरी कृत्यं नाव घेऊन गुन्हा ठरवली आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

समजा मांत्रिकाशिवाय, कंदील सोडून, रीतसर खोदलं आणि खरोखरच हंडा लागला. मग १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. तो इंग्रजांचा आहे, पण आजही चालू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कधी. दहा रुपयांची ही मर्यादा कोणी वाढवली नाही, त्यामुळे आज जवळपास सगळंच तीत येतं. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतो आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतो. मूळ मालक कोणी उभा राहिला नाही तर निधी बेवारशी ठरतो. सरकारला तो हवा असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घेता येतो. लपवलं तर सापडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, आणि जागेच्या मालकाने साथ दिली असेल तर त्याला सहा महिन्यांपर्यंत.

वाटणीचं कलम मात्र वाड्यांच्या वारसदारांनी एकदा नीट वाचावं असं आहे. आधी करार झालेला नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि उरलेला एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. म्हणजे रोजंदारीवर जोतं खणणाऱ्याच्या कुदळीला हंडा लागला, तर मोठा वाटा त्याचा होऊ शकतो. आणि मालक कोण यावरच वाद असेल, तर जिल्हाधिकारी निधी ताब्यात ठेवून कार्यवाही थांबवतो आणि प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं. सातबाऱ्यावर अकरा चुलतभावांची नावं असलेल्या कोणत्याही घराला त्यापुढचं सांगायला नको.