एमजीबीच्या स्टिअरिंगमधला ‘प्ले’

स्टिअरिंग आधी इंचभर मोकळं फिरतं आणि मग कुठे चाक वळतं, ही एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मालकांची नेहमीची तक्रार. हे मोकळं फिरणं म्हणजेच ‘प्ले’. गॅरेजमधलं उत्तरही ठरलेलं : रॅक गेला, नवा मागवा. रॅक, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत आडवं नेणारी दातेरी दांडी, हा यातला सर्वांत महागडा भाग. त्याच्यावर संशय सगळ्यांत शेवटी घ्यावा.

हिशोब करून पाहू. १९६२ पासून बनलेल्या या गाडीच्या सुरुवातीच्या मॉडेलांत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम तीन फेरे घेतं. म्हणजे चाक १ अंश वळायला स्टिअरिंग साधारण १५ अंश फिरवावं लागतं. चाक वळवणारी स्टिअरिंग आर्म १३० मिमी धरली, तर टाय रॉड एंडमधली (रॅककडून येणारी दांडी त्या आर्मला जोडणाऱ्या सांध्यातली) फक्त १ मिमी झीज चाकापाशी ०.४४ अंश होते आणि स्टिअरिंगपाशी साडेसहा अंश. २०० मिमी त्रिज्येच्या स्टिअरिंगच्या कडेवर मोजलं तर हे अंतर २३ मिमी भरतं. एवढ्याने गाडी रस्त्यावर डुलते.

प्ले कुठे आहे ते शोधायला एक मदतनीस आणि पाच मिनिटं पुरतात. पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्या. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवा आणि हात टाय रॉड एंडवर ठेवा. खटका बोटांना कळतो. मग वर-खाली धरून हलवा. मदतनिसाने ब्रेक दाबल्यावर खटका गेला तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंगपिन (जिच्याभोवती चाक वळतं ती उभी पिन) किंवा तिच्या खालच्या टोकाचा बुश (धातूची नळी) झिजला आहे.

किंगपिन झिजते ती बहुधा ग्रीस न पोचल्यामुळे. प्रत्येक बाजूला ग्रीस भरायचे तीन निपल असतात, पण चाक जमिनीवर असताना ग्रीसगन मारली तर ग्रीस भार नसलेल्या बाजूने निघून जातं. चाक उचलूनच मारावं. आपल्याकडे काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो आणि डांबर लाटांसारखं होतं. त्या हादऱ्यांचा मार हाच सांधा खातो.

दुसरा शत्रू धूळ. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट, म्हणजे धूळ अडवणारी कव्हरं, उन्हाने कडक होऊन चिरतात. तेल गळतं, आत गेलेली धूळ उरलेल्या तेलात मिसळते आणि व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करते. बूट वेळीच बदलला तर रॅक वाचतो. टाय रॉड एंड काढताना नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या, नाहीतर एंड सुटून अंगावर येतो. पुलर (सांधा ओढून काढायचं हत्यार) नसेल तर आर्मच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन हातोडे मारले की टेपर, म्हणजे पिनचा निमुळता भाग, सुटतो. पिनच्या आट्यांवर मात्र कधी ठोकू नये. चेक नटची (एंड जागेवर जखडणाऱ्या नटची) जागा रंगाने खुणवा आणि एंड किती फेऱ्यांत निघाला ते मोजा.

नवा बूट चढवल्यावर आत इपी ९० गिअर ऑइल, सुमारे १९० मिलि. ग्रीस नव्हे. गॅरेजमध्ये हौसेने ग्रीस ठासतात. थंडीत स्टिअरिंग जड होतं आणि पिनियनपर्यंत (रॅक सरकवणाऱ्या दातेरी चाकापर्यंत) ग्रीस पोचतही नाही. तेल भरल्यावर चाकं उचललेली असताना स्टिअरिंग झरझर फिरवू नका. तेलाच्या दाबाने नवाकोरा बूट फाटतो.

सुटे भाग परदेशातून मागवताना दोन गोष्टी पाहाव्यात. या गाड्यांचा मोठा हिस्सा अमेरिकेत गेला, त्यामुळे तिथल्या दुकानांत डाव्या स्टिअरिंगचे रॅक भरपूर. आपल्या उजव्या स्टिअरिंगला ते बसत नाहीत. शिवाय १९७४ च्या अखेरीपासूनच्या रबरी बंपरच्या गाड्यांचा रॅक आधीच्या क्रोम बंपरवाल्यांना चालत नाही. एंड, बूट, बुश यांचे संच एकत्र घेतलेले बरे.

संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्यात लेथवाले उत्तम आहेत. फॉस्फर ब्राँझचा बुश त्यांच्याकडून करून रीमर मारून (भोक नेमक्या मापाचं करून) घ्यावा. बॉल जॉइंटची पिन मात्र लेथवर घडवू नये, वेल्डिंगही नको. तिथे पिन तुटली तर चाक कोणाचं ऐकत नाही. दुसऱ्या गाडीचा एंड ‘बसतोय’ म्हणूनही लावू नये. टेपरला मार्किंग ब्लू लावून बघा, निळा ठसा पूर्ण उमटला नाही तर टेपर वेगळा आहे. नट-बोल्टचंही तसंच. इथे आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक, आहेत. ३/८ इंची बोल्ट म्हणजे ९.५ मिमी, त्यावर १० मिमीचा नट चढला तरी ढिला बसतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि जोर येताच आटे खाऊन सुटतो.

शेवटी अलाइनमेंट. पुढची चाकं पुढच्या कडांनी मागच्यापेक्षा १.५ ते २.३ मिमी जवळ असावीत. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं दिसलं तर ते काढून दुसऱ्या दात्यांवर बसवायचा मोह होतो. आधी रॅक नेमका मध्यावर आणा आणि दोन्ही टाय रॉड सारख्याच लांबीचे करा. रॅक मध्यावर नसेल तर गाडी एका बाजूला जास्त वळते आणि दुसऱ्या बाजूला कमी.